बाहत्तरचा दुष्काळ आणि माझी शुगर

दिवाळीनंतर माहेरी गेले होते तेव्हाची गोष्ट. आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती, मी पण शेजारी बसले आणि बोलता बोलता सांगून टाकलं की आई, रिपोर्ट आलाय, शुगर बॉर्डरवर निघालीये. अजून झालेली नाही पण त्या वाटेला लागलीये असं डॉक्टर म्हणतात. तिने हातातली शेंग तशीच धरून ठेवली. मला वाटलं आता म्हणेल गोड सोड, कारलं खा, अमकीने मेथ्या भिजवून खाल्ल्या आणि गेली, सगळे म्हणतात तसंच काहीतरी. पण ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग खाली बघूनच म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात तू पोटात होतीस. खडी फोडायला जायचे मी. रेशनची मिलो खाऊन दिवस काढले. त्यानं झालं असंल का गं हे?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय आई," आणि विषय बदलला.

पण परतीच्या एसटीत, मग पतसंस्थेत काउंटरवर बसल्या बसल्या, रात्री ओटा पुसताना, डोक्यात तेच. माझी आई शाळेत गेलेली नाही. तिला या विषयावर कुणी कधी काही सांगितलेलं नाही. आणि तिने माझा आकडा ऐकल्या ऐकल्या स्वतःच्या पोटाकडे, त्या वर्षाकडे बोट केलं. मला आधी नुसतं वाईट वाटलं, की बघा, पन्नाशी उलटलेल्या लेकीच्या दुखण्याचं ओझं पण ही बाई स्वतःच्याच डोक्यावर घेतेय. नंतर जे कळत गेलं त्याने वाईट वाटणं कमी नाही झालं, उलट जास्त गुंतागुंतीचं झालं.

मुळात हा रिपोर्ट निघाला तोच योगायोगाने. आमच्या पतसंस्थेत आरोग्य शिबिर होतं, सगळे देतायत म्हणून मी पण रक्त दिलं. उपाशीपोटी ११२ आली. शंभरच्या आत पाहिजे. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीए१सी केली, ती ६.१. ज्यांच्या घरात हे आकडे फिरतात त्यांना माहितीये, ५.७ च्या खाली असलं की निवांत, ६.५ ला डायबेटीस, आणि मधला जो पट्टा आहे त्यात मी. डॉक्टर म्हणाले, तुमचं हिमोग्लोबिन पण बघूया, कारण अंगात लोह कमी असलं तर ही टेस्ट कधी कधी आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. हिमोग्लोबिन कमीच निघालं, बी-१२ पण कमी, आम्ही माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा नाही. म्हणून मग खात्री करायला ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज, पेल्यात लिंबू पिळून दिलेलं, तरी घशाखाली उतरेना, इतकं गोड की दातांना कळ लागली. बाहेर बाकड्यावर दोन तास बसायचं होतं. शेजारी एक म्हातारे बाबा होते, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. म्हणाले, "कुणाला घेऊन आलाय?" मी म्हटलं, माझीच आहे तपासणी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "तुम्हाला कशाची शुगर ताई, अंगावर तर काहीच नाही तुमच्या."

१६२ आली. १४० च्या आत हवी होती.

त्या बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मला स्वतःलाही तेच वाटत होतं. माझं वजन ४९ किलो, उंची पाच फूट एक इंच. लग्नात ब्लाउज शिवणाऱ्या बाईने मापं घेताना हात बघून चुकचुक केली होती. आपल्याकडे शुगर म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो खात्यापित्या घरातला, पोट सुटलेला, बसून काम करणारा माणूस. पोस्टरवर पण तसलंच चित्र. त्यामुळे आमच्यासारख्या काटक्या बायकांना कुणी तपासायला सांगतच नाही आणि आम्ही पण जात नाही. डॉक्टरांनी टेप काढला आणि कंबर मोजली तर ८४ सेंटिमीटर. बायकांची ८० च्या आत पाहिजे म्हणे, पुरुषांची ९० च्या. साडी नेसणाऱ्या बाईला हे कळतच नाही, निऱ्यांच्या मागे सगळं झाकून जातं. ते म्हणाले, "वजन कमी करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. कमी करायला तुमच्याकडे स्नायू कुठे आहेत? तुमचे हातपाय बारीक आणि चरबी पोटात. आपल्या लोकांचा हा नेहमीचा घाट आहे, पुण्यात केईएम हॉस्पिटलमध्ये याज्ञिक सरांनी यावर आयुष्य घातलंय, वेळ मिळाला तर वाचा."

मी वाचलं. भाचीने मोबाईलवर शोधून दिलं, इंग्रजी जड होतं पण पतसंस्थेतल्या एका मुलाने समजावून सांगितलं, आणि वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. एक फोटो आहे, २००४ साली लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात आलेला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे, एक आपले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांची उंची-वजनाची गणितं जुळवली तर दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे कागदावर दोघंही सारखेच सडपातळ. पण मशीनखाली घालून चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२. दिसायला सारखे, आतून दुपटीपेक्षा जास्त फरक. अर्थात युडकिनसाहेब पळणारे होते असंही त्यात लिहिलंय, ते मला महत्त्वाचं वाटलं, त्याच्याकडे नंतर येते.

पण खरा धक्का पुढचा होता. याज्ञिक सरांच्या टीमने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांचा अभ्यास सुरू केला, गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांची मापं घेतली, काय खातात किती खातात काय काम करतात सगळं लिहून घेतलं, बाळं जन्मली ती मोजली, आणि ती बाळं मोठी होताना पण मोजत राहिले. त्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान, पण सगळं सारख्या प्रमाणात लहान नाही. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. म्हणजे बाळ दिसायला मूठभर, पण चरबीच्या हिशोबात तेवढं बारीक नाही. पोटात असताना जे मिळेल त्यात मेंदू वाचवायचा, चरबी साठवायची आणि स्नायूंना काटकसर लावायची, असं काहीसं शरीर ठरवतं. पुढे आयुष्यात खायला भरपूर मिळालं की ते शरीर ती साखर ठेवणार कुठे? स्नायू हे साखरेचं सगळ्यात मोठं गोदाम, आणि ते गोदामच लहान बांधलेलं.

त्याच गावांतल्या अभ्यासात अजून दोन गोष्टी सापडल्या. ज्या बायकांनी गरोदरपणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाल्लं त्यांची बाळं मोठी झाली. आणि ज्या बायकांना शेतात, पाणी आणायला, जास्त राबावं लागलं त्यांची लहान.

हे वाचलं आणि मी मोबाईल पालथा ठेवला. खडी फोडणारी माझी आई. पहाटे तीन कोस चालत कामावर, दिवसभर उन्हात हातोडी, संध्याकाळी येताना डोक्यावर सरपण.

बाहत्तरचं मी ऐकलेलं सगळं तिच्याकडूनच. आमचं गाव पारनेर तालुक्यात, तिथे चांगल्या वर्षीसुद्धा पाऊस हिशोबाने पडतो आणि त्या वर्षी तर पडलाच नाही. विहिरी तळाला गेल्या, जनावरं मातीमोल विकली, जी विकली गेली नाहीत ती दावणीलाच मेली. सरकारने दुष्काळी कामं काढली, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि खडी. लाखो माणसं त्या कामांवर होती. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणायचे. आई सांगते की ती भाकरी थापताना चिरायची, लालसर निघायची, आणि कितीही खाल्ली तरी पोट भरल्यासारखं वाटायचं नाही. कामावर खायला सुकडी मिळायची तेव्हा ती पदरात बांधून घरी आणायची, घरात सासू आणि लहान दीर होते. पालेभाजी? ती हसली होती मी विचारलं तेव्हा. पाणीच नाही तर पाला कुठला. तरोटा, घोळ, जे रानात आपोआप उगवतं तेही उगवलं नव्हतं. मी जन्मले ती एप्रिल १९७३ मध्ये, सुईणीच्या हातून, वजन करायचा प्रश्नच नव्हता. आजी म्हणायची ओंजळीत मावायची.

जगात दुसरीकडेही असं तपासलं गेलंय. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये जर्मन सैन्याने नाकेबंदी केली आणि शहरांत लोक उपाशी मेले. त्या काळात आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला आल्यावर त्यांना असंच ग्लुकोज पाजून तपासलं, तर इतरांपेक्षा त्यांची दोन तासांनंतरची साखर जास्त निघाली. पन्नाशीला. अगदी माझ्या वयाला. तिथे रुग्णालयात नोंदी जपून ठेवलेल्या होत्या म्हणून कळलं. आमच्या आयांच्या नोंदी कुठे आहेत? हजेरीपटावर अंगठे असतील फारतर, आणि तेही आता कुणाकडे.

आता दुसरी बाजू सांगते, कारण सगळं दुष्काळावर टाकणं पण खरं नाही. माझं लग्न झालं ते संगमनेरकडे. नगर जिल्हा म्हणजे दोन जिल्हे आहेत हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. दक्षिणेला कुसळं आणि उत्तरेला ऊस. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग पाटाच्या पाण्यावर सगळा उत्तर भाग बदलून गेला. सासरे कारखान्याचे सभासद. दिवाळीला सभासदांची स्वस्तातली साखर यायची, पोत्याने. माझ्या माहेरी साखर डब्याच्या तळाशी असायची, पाहुणा आला तरच डबा खाली निघायचा, एरवी गुळाचा खडा. लग्नानंतर आई पहिल्यांदा सासरी आली तेव्हा माजघरात ते पोतं उभं बघून तिने त्याच्यावरून हात फिरवला आणि माझ्या कानात म्हणाली, सुखात पडलीस बाई. तिचे डोळे भरले होते. ते मी अजून विसरलेली नाही.

आणि मी ते सुख खाल्लं. सकाळचा चहा, अकराचा चहा, कुणी आलं की चहा, चहात दोन चमचे, बरोबर टोस्ट नाहीतर खारी. बाजरी मागे पडली, रेशनचा गहू आणि तांदूळ पुढे आला, मग दोन्ही वेळेला चपाती, भाताचा ढीग, भाजी तोंडी लावण्यापुरती. एकादशीला साबुदाण्याची खिचडी परात भरून. नोकरी बसून. घरात मिक्सर आला, नळ आला, मुलांच्या शाळेला स्कूटी आली. प्रत्येक गोष्ट आली तेव्हा आनंदच झाला आणि व्हायलाच पाहिजे होता, पाण्याच्या हंड्याखाली मान मोडून घेतलेल्या बाईच्या लेकीने नळाला नावं ठेवायची नसतात. पण जे शरीर कमी खाऊन जास्त राबायच्या हिशोबाने घडलं होतं त्याला नेमकं उलटं आयुष्य मिळालं. आई मात्र त्याच गावात राहिली, अजून शेतात वाकते, अजून बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाते, पंचाहत्तरीच्या घरात आहे आणि तिला शुगर नाही. मी शिबिरानंतर तिची मुद्दाम तपासून घेतली.

देशात २०२३ साली आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात डायबेटीस असलेले १०.१ कोटी आणि माझ्यासारखे उंबरठ्यावरचे १३.६ कोटी निघाले. आकडा वाचताना मी नकळत त्यातली बारीक माणसं शोधत होते.

मी काय करते ते सांगते, डॉक्टरांच्या सल्ल्याने, प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावं. सगळ्यात आधी मी ग्लुकोमीटर घेतलं आणि जेवणानंतर दोन तासांनी बघायला लागले, रोज नाही, पण काही नवीन खाल्लं की. मशीनचा आकडा थोडा इकडेतिकडे असतो पण कल येतो. बशीभर कांदेपोहे, १७१. मला वाटायचं पोहे म्हणजे हलकं. एक बाजरीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, १३८. भाकरी म्हणजे औषध असंही नाही, तीन भाकरी खाल्ल्या तर त्याही चढतात, एवढं लक्षात आलं. गुळाचं तर विचारूच नका, आमच्या भागात गुऱ्हाळाचा सेंद्रिय गूळ चालतो असं छातीवर हात ठेवून सांगणारी माणसं पावलोपावली आहेत, आणि मी त्यांच्या पाया पडून सांगेन की बाबांनो साखर चढायच्या बाबतीत गुळात आणि साखरेत असा काही फरक नाही. खिचडीच्या जागी मी आता राजगिऱ्याची भाकरी आणि दही-शेंगदाण्याचं काहीतरी करते, भगर केलीच तर थोडी. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ संपवते, मग भाकरी, भात शेवटी दोन घास, याने खरंच फरक पडतो. चहा एकच ठेवलाय, अर्धा चमचा घालून. तो सोडायचा नाहीये मला. सकाळी साडेसहाला अंगणात तो पेला हातात घेते तेव्हा आल्याचा वास नाकात जातो आणि दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो, एवढं तरी असू दे.

जेवलं की बसायचं नाही. दुपारी पतसंस्थेच्या गच्चीवर डबा खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारते, रात्री गल्लीत. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, हे मला डॉक्टरांनी समजावलं आणि मशीनवर दिसलंही. त्याच पोह्यांनंतर चालून आले तर १७१ चे १४५ झाले होते. आणि मुख्य म्हणजे स्नायू वाढवायचे. यासाठी मी काय काय केलं, आधी भिंतीला टेकून जोर, खुर्चीवरून हात न लावता उठबस, पाच लिटरचे पाण्याचे कॅन दोन्ही हातांत घेऊन जिना. आता आमच्या कॉलनीजवळ बायकांची जिम निघालीये, तिथे जाते आठवड्यातून काही दिवस. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या पोरीने विचारलं, "काकू, वजन कमी करायचंय का?" मी म्हटलं नाही, मांड्या आणि दंड कमवायचेत. तिला नवल वाटलं पण तिने मनापासून शिकवलं. प्रथिनं पण त्याच हिशोबाने वाढवली, माळकरी माणसाकडे डाळी, हुलगे, ताक, पनीर, शेंगदाणे एवढंच आहे पण ते रोज आणि पोटभर. म्हणून तो पळणाऱ्या युडकिनसाहेबांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. पोटात असताना जे ठरलं ते ठरलं, पण त्याच्यावर पुढे काय रचायचं ते अजून माझ्या हातात आहे.

चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, आपल्याच देशातल्या उंबरठ्यावरच्या लोकांवर. चालणं आणि जेवणातले बदल एवढ्यावर डायबेटीस व्हायचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, शुगरची गोळी दिलेल्यांचा पण साधारण तेवढाच. आणि यात लोकांची वजनं फारशी उतरली नव्हती. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात ५८ टक्के फायदा दिसला होता, तिथे वजन उतरवण्यावर भर होता. माझ्यासारखीला चेन्नईचा निकाल जास्त धीर देतो. माझी एचबीए१सी आता ५.८ आहे. हिमोग्लोबिन सुधारल्यामुळे त्यातली थोडी उतरली असेल, डॉक्टर तसं म्हणालेच. कंबर ८१. दंड जरा घट्ट लागतात हाताला. डॉक्टरांनी गोळी सध्या तरी सुरू केलेली नाही, लागली तर घेईन, त्यात मला कमीपणा वाटणार नाही.

राहिलं आईचं. तिला काय सांगायचं हे मला कितीतरी दिवस ठरवता येईना. खोटं सांगितलं असतं, की तुझा नि याचा काही संबंध नाही, तर ती गप्प बसली असती पण तिला पटलं नसतं, ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखते. आणि खरं सांगायचं तर कुठल्या तोंडाने सांगू की हो, असेल. उभ्या जन्मात जिने स्वतःच्या तोंडचा घास दुसऱ्याला दिला तिला कसं म्हणू की तुझ्या उपाशी राहण्याचा हिशोब माझ्या रक्तात निघतोय. शेवटी उन्हाळ्यात गेले तेव्हा सांगितलं. म्हटलं आई, तू विचारलं होतंस ना, तर डॉक्टर लोक म्हणतात की पोटात असताना आईला खायला कमी आणि काम जास्त असलं तर लेकराला पुढे शुगर व्हायची शक्यता वाढते. पण ते तुझं नाही. पाऊस पडला नाही ते तुझं नाही, खडी फोडायला गरोदर बाईला लावली ते तुझं नाही. तू गेली नसतीस कामावर तर मी जन्मलेच नसते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग तुझ्या भावाला का न्हाई?" भाऊ शहात्तरचा, बरी वर्षं होती तेव्हा. ते मी सांगितलं, पण हेही सांगितलं की एका माणसाबद्दल कुणी छातीठोक सांगू शकत नाही, हजार माणसं मोजली की कळतं, माझं एकटीचं दुष्काळामुळे की चहाबरोबरच्या खारीमुळे हे देवालाच माहीत. तिला पहिलं पटलं, दुसरं नाही पटलं. तिच्या मनातून ते गेलंय असं मला वाटत नाही. पण त्या दिवशी तिने बाहत्तरचं असं काही सांगितलं जे आधी कधी सांगितलं नव्हतं. कामावर अजून दोघी गरोदर होत्या. तिघी एकमेकींच्या आडोशाने बसायच्या, मुकादमाची पाठ वळली की एकीने झोपायचं आणि दोघींनी तिची खडी पुरी करायची. त्यातल्या एकीचं बाळ राहिलं नाही. आई हे सांगताना रडली नाही, मी रडले.

आता भावाची मुलगी, म्हणजे तीच भाची जिने मला मोबाईलवर सगळं शोधून दिलं, ती गरोदर आहे. सासर चाकणकडे, नवरा कंपनीत. चौथा महिना. हिमोग्लोबिन ९.४ निघालं तेव्हा मीच हादरले, या पोरीला खायला कमी नाही, तरी. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, बी-१२ मी तपासायला लावलं, तेही कमी. गरोदर बाईची ग्लुकोज पाजून शुगर तपासायची असते, सरकारी दवाखान्यातही करतात, पहिल्या भेटीला आणि परत साधारण सहाव्या महिन्यात, दोन तासांनी १४० किंवा त्याच्या वर गेली तर उपचार. तिची पहिली तपासणी राहूनच गेली होती, कारण तिची सासू म्हणाली पोर एवढीशी, हिला कुठली आलीये शुगर. भाचीने मला फोन केला, "आत्या, तूच बोल त्यांच्याशी." मी बोलणार त्याआधी आजीने फोन लावला होता. माझी आई, जी विहिणीशी बोलताना एरवी दहा वेळा कसं काय बरं आहे ना यातच अडकते, ती सरळ म्हणाली, "तपासणी करून घ्या विहीणबाई, बारीक पोरींनाच बघावं लागतं. आन् रोज एक पालेभाजी द्या तिला, मी पाठवते शेपू नि चवळी. पाण्याचं काही उचलू द्यायचं नाही."

शनिवारी तपासणी आहे. मी रजा टाकलीये, भाऊ आईला घेऊन परस्पर चाकणला येतोय.